एका मताची भीती

“दगडाला टाकी लावताना बोलायचं नाही. नजर दगडावर, टाकीवर नाही.”

सासूबाई जाऊन वर्षं झाली, पण पिठाच्या गिरणीचा दगड उलटा करून छिन्नीनं त्याला दात पाडायला बसलं की गिरणीवालीच्या कानात हे बोल उमटायचेच. आज नजर दगडावर असूनही घाव भलतीकडे पडत होते.

मतदानाचा दिवस होता. एरवी वस्तीला त्याचं सोयरसुतक नसायचं. निवडून येणारा आधीच ठरलेला, मग तंगडतोड करून शाळेपर्यंत जातो कोण? पण यंदा टीव्हीवाल्यांनी एकच धोशा लावला होता: अटीतटीची लढत, एकेक मत मोलाचं. आधी वस्ती सुखावली. आपल्यालाही कुणी हिशेबात धरतंय, म्हणून टीव्हीपुढं गर्दी व्हायची. मग एके संध्याकाळी बातम्यांतल्या बाईनं वस्तीचं नाव घेतलं आणि म्हणाली, निकाल अशाच ठिकाणी लागेल. तिथून सगळ्यांची झोप उडाली.

काल सकाळी एका उमेदवाराचा गॉगलवाला माणूस गिरणीत आला. “वहिनी, तुमच्या शाळेतलं मशीन तुमच्याच वस्तीपुरतं. मूठभर घरं. कुणाला किती पडली ते मोजणीत कळतंच. थोडक्यात हुकलं, तर आम्ही विचारायला कुणाकडे यायचं?” त्यानं मोटारीवर हात ठेवला. “झकास चालते हो गिरणी. चालू राहू दे.”

दुपारी दुसऱ्या बाजूचा मिशीवाला आला. तोही हेच बोलला, आणि त्यानंही मोटारच थोपटली.

“दोघांनी एकाच शाळेत धडे गिरवलेत,” नवरा म्हणाला, आणि ताटावरून तसाच उठला.

संध्याकाळी विहिरीच्या कठड्यावर सगळी वस्ती बसली. ठरलं, कुणीच जायचं नाही.

“म्हणजे कुणाचाच राग नको,” नवरा म्हणाला.

“म्हणजे दोघांचाही राग,” शेळ्यांवाली पुटपुटली. पण तोवर माणसं धोतर झटकत उठली होती.

गिरणीवालीची अडचण निराळी होती. शेवटच्या घरातल्या आत्याला तिनं शब्द दिला होता. आत्याची नजर गेलेली. दर मतदानाला ती कुणाचा तरी हात धरून जायची. यंदा दळण न्यायला आली तेव्हा तिनं विचारलं, आणि पीठ डब्यात ओतता ओतता गिरणीवाली सहज म्हणाली होती, “नेईन की.”

आता काठीचा आवाज जवळ येत होता. गिरणीवालीनं मनातल्या मनात देवाला विनवलं, दुसरीकडे वळू दे. काठी दारातच थांबली. आत्या धुतलेलं लुगडं नेसून, केस चापून आली होती.

“निघायचं ना, पोरी?”

“आत्या, आज नको,” नवरा पुढं झाला. “दार लावून घरात बसा. कालचं कानावर आलं नाही का?”

“आलं. विहिरीवरचा गलका माझ्या चुलीपर्यंत येतो.”

“मग? आजवर कोण येणार ते ठरलेलंच असायचं, तेव्हा गेलात ते ठीक. आज जीवाशी खेळ आहे.”

“मी कोण येणार म्हणून कधी गेले रे?” आत्या उंबऱ्यावर टेकली. “तिथला साहेब कागद बघून माझं नाव मोठ्यानं वाचतो. मग दुसरा वाचतो. पूर्ण नाव, बापानं ठेवलेलं. बाकी साऱ्या जगाची मी आत्या. तुला तरी येतं का माझं नाव?”

नवऱ्याचे ओठ हलले, पण नाव आलं नाही. गिरणीवालीलाही आठवेना. या बाईच्या मांडीवर तिची दोन्ही लेकरं वाढली होती.

बाहेरून मोटरसायकल गेली. हळू झाली, पुन्हा वेग घेतला. नवऱ्यानं मान बाहेर काढून ती लांब जाईपर्यंत बघितलं.

“तू नको येऊस,” आत्या हळूच म्हणाली. “तुझ्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. वाटेला लावून दे, पुढं मी चाचपत जाईन.”

गिरणीवालीनं टाकी खाली ठेवली. तिनं बादलीत हात बुडवून त्यांवरचं पीठ धुतलं, पदर डोक्यावर घेतला.

“अगं, मोटार जाळली तर?” नवऱ्याचा आवाज चिरकला.

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “मलाही भीती वाटतेय.”

मग तिनं आत्याचा हात आपल्या कोपरात धरला आणि म्हणाली, “सांभाळून, पुढं पायरी आहे.”