कचेरीचं माळवद

लातूर जिल्हा होऊन तीनेक वर्षं झाली होती. दुष्काळामुळं रानात काम नव्हतं, म्हणून लिंबाजी आणि त्याची बायको चांगुणा औशाकडच्या एका गावात, निजामाच्या काळातल्या कचेरीवर रोजानं लागले. मातीचं जुनं माळवद उतरवून पत्रे घालायचे होते.

छतावर हातभर जाड पांढरी माती होती. संगप्पा मिस्त्रीनं मधल्या तुळईत खालून पहार खुपसली. पहार वीतभर आत गेली. आत नुसती वाळवी.

"साहेब, टेकू दिल्याबिगर माणूस वर चढवू नये," तो ओव्हरसीअरला म्हणाला.

"टेकूचं लाकूड यायला आठवडा लागंल. सोमवारी वरचे साहेब बघायला येणार हायेत. तुला जमत नसंल तर दुसरा मिस्त्री बघतो."

संगप्पानं पहार उपसून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "लिंबाजी, चढ वर. कडंकडंनं काढ."

दहा-बारा टोपली माती खाली आली. चांगुणा अंगणात टोपलं रिकामं करून वळली, तोच धाडकन आवाज झाला. दारातून धुळीचा लोट बाहेर आला. सगळ्यांनी हातानं माती उपसली. लिंबाजी सापडला तेव्हा अंगावर साधं खरचटलेलंही नव्हतं. नाकातोंडात तेवढी माती होती, अन् श्वास थांबलेला.

दुपारी पोलीस जमादार आला, पंचनामा झाला. "मजूर कुणी न सांगता वर चढला," असं ओव्हरसीअरनं त्याला लिहायला सांगितलं. संगप्पानं सही केली.

तो बाहेर आला. चांगुणा नवऱ्याच्या डोक्याशी बसली होती.

"मिस्त्री, चढ वर म्हणून तुम्हीच म्हणलाव ना त्यांना?"

संगप्पा तसाच माघारी जमादाराकडं गेला.

"जमादार, खोटं लिवलंय ते. मीच चढवलं त्याला. तुळई सडलीय हे मला अन् साहेबाला, दोघांना ठाऊक होतं."

"गुन्हा तुझ्यावर बी येईल."

"येऊ द्या."

पुढं खटला चालला. संगप्पाला सहा महिन्यांची सजा झाली. ओव्हरसीअरची फक्त बदली झाली. कचेरीवर पत्रे तर महिन्याभरातच चढले होते.

सुटल्यावर संगप्पा चांगुणाच्या गावी गेला. ती दारात शेंगा निवडत होती. तिनं मान वर केली.

"खरं बोललाव, ते मी कोर्टात ऐकलं," ती म्हणाली. "पर माफ करणं न्हाई जमत मला."

"हाव," संगप्पा म्हणाला. तो फाट्याकडं चालू लागला.