खंडेनवमीचं कुंकू

ठेवा, ठेवा, चहाचा कप ठेवा माझ्यावर, पण एक मिनिट ऐका ना! मी टेबल बोलतोय. खरं तर पाव टेबल. पूर्ण होतो तेव्हा बाणेरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत बारा माणसं आरामात बसायची माझ्याभोवती. आता एवढासा झालोय, तरी जाम खूश आहे. का, तेच तर सांगायचंय!

माझा जन्म धायरीचा, धोंडिबा मिस्त्रींच्या शेडमधला. आत जाड प्लाय, कडेला सागाची पट्टी, एकदम सॉलिड! त्यांनी माझे चार भाग केले, प्रत्येकाला स्वतःचे पाय दिले आणि भाग एकमेकांना बोल्टने जोडले. इंटिरियरवाला वैतागला.

"अहो मिस्त्री, चिकटवून टाका की सरळ!"

"चिकटवलं की तोडावंच लागतंय, साहेब. बोल्ट हाय, तर उद्या खोलून दुसरीकडं मांडता येतंय."

मला ऑफिसात उभं करून जाताना ते साफसफाईच्या सुशीलाबाईंना म्हणाले, "वर्षातनं एकदा खालच्या बोल्टांना तेलाचा थेंब सोडा, बाई."

वर्षातून एकदा म्हणजे कधी? बाईंनी खंडेनवमी धरली! बाकीचे कॉम्प्युटरला झेंडूची फुलं वाहून सेल्फी काढायचे, आणि या माझ्याखाली आडव्या! आठ बोल्ट, आठ थेंब, वर कुंकवाची आठ बोटं.

"सुशीलाबाई, टेबलाखाली कुठला देव बसलाय?" लोक हसायचे.

"होता. तुमच्या मीटिंगा ऐकून पळाला."

अकरा वर्षं हे चाललं. त्या अकरा वर्षांत 'दोनच मिनिटं' म्हणून सुरू झालेल्या, दोन-दोन तासांच्या मीटिंगा बघितल्या. खाली गुपचूप च्युइंगम चिकटवणारे मोठ्ठ्या पगाराचे लोक बघितले. नावं नाही घेत!

मग निम्मे लोक घरूनच काम करायला लागले आणि कंपनीने शनिवार पेठेत छोटी जागा घेतली. ऑफिसचे साहेब, वरद सर, यांनी माझ्यावर लाल स्टिकर मारला. 'भंगार'. अहो, माझा प्लायच हलला!

पण दीपाली होती ना! नव्या ऑफिसची मांडणी तिच्याकडे. "सर, नवीन काही घ्यायचंच नाही. आहे तेच खोलून नेऊ."

"बारा जणांचं टेबल, पेठेतल्या जिन्यातून? मग आधी तो जिनाच भंगारात काढू," सर म्हणाले. "चारला भंगारवाल्याचा टेम्पो येतोय. तोवर सुटलं तर तुझं."

साडेतीनला सामान हलवणारा चेतन माझ्याखाली शिरला. शेजारच्या चिकटवलेल्या कपाटाचा सकाळीच सोडवताना भुगा झाला होता, त्यामुळे दीपाली नखं खात उभी.

"ताई, बोल्ट पार गंजलेत. लालेलाल. हे काय फिरत नाहीत. कटर मारतो, जाऊ दे भंगारात."

आणि कटर सुरू! घर्रर्र! मी घाबरून डोळेच मिटले असते, पण टेबलाला डोळे कुठले?

"ए, थांब थांब!" सुशीलाबाई झाडू टाकून धावल्या. "गंज कसला? कुंकू आहे ते माझं!"

त्यांनी फडक्याने खसाखसा पुसलं. खाली बोल्ट चकचकीत! चेतनने पाना लावला, जोर दिला आणि... फिरला!

"आयला, लोण्यासारखा फिरतोय!"

आठच्या आठ सुटले! टेम्पो आला तेव्हा मी चार टेबलं होऊन लिफ्टसमोर ओळीने उभा होतो. वरद सरांनी स्वतःच्या हाताने स्टिकर खरवडून काढला. चूक मात्र कबूल केली नाही, पुण्यातले ना!

आता माझे तीन भाग कामाच्या हॉलमध्ये आहेत आणि चौथा, म्हणजे हा बडबडतोय तो, इथे चहाच्या खोलीत, खिडकीपाशी. पहिल्याच दिवशी दीपालीने खुर्ची ओढली. "सुशीलाबाई, बसा."

"मी? इथे?"

"हो. तुमच्यासाठीच ठेवलंय."

अकरा वर्षं त्यांनी मला पुसलं, माझ्याखाली आडव्या झाल्या, पण माझ्यापाशी बसल्या कधीच नव्हत्या. त्या दिवशी बसल्या. सावकाश डबा उघडला. मेथीची भाजी होती.

तेव्हा एवढं कराच. काही फेकण्याआधी त्याला एकदा उलटं करून बघा. खालून कुणीतरी ते जपलेलं असेल. आणि गप्पा मारायला कधीही या. फक्त दीड ते दोन नको. तेव्हा बाई जेवतात.