दरडोई उंबरठा

मी लिफ्टची दुरुस्ती करतो. बायको शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात आहे. आरोग्य विमा माझ्या कंपनीकडून, आणि तोही असा की दरवर्षी ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च आपणच करायचा, त्यापुढचा विमावाले देतात. त्या रकमेला आमच्या घरात उंबरठा म्हणतात. घरातल्या कुणी एकाने तो ओलांडला की त्या वर्षापुरती सगळ्यांचीच सोय होते. मुलीचा हात मोडला त्या वर्षी मी दोन दाढा काढून घेतल्या, बायकोने कान तपासून घेतले. पोरीला आम्ही वर्षभर घरातली कमावती म्हणायचो.

यंदा पाळी माझी. हर्नियाचं ऑपरेशन करून टाका, असं डॉक्टरांनी मार्चमध्येच सांगितलं होतं. मी म्हटलं, बघू. मग जुन्या इमारतींची कामं निघाली, मग जोडीदार रजेवर गेला, मग ओव्हरटाइम. सबबी मला शोधाव्या लागत नाहीत, त्या आपणहून येतात. तारीख घेतली का, असं बायको दर आठवड्याला विचारायची. मी म्हणायचो, तुला माझं पोट फाडायची भारीच घाई झालीय. ती हसायची. नंतर नंतर हसेना, तेव्हा माझं डोकं फिरायचं. एकदा तर ताट सरकवून उठलो. आता ते आठवून वाईट वाटायला हवं, पण काहीच वाटत नाही.

नोव्हेंबरात विमा कंपनीचं पत्र आलं. सरकारने नियम बदलला होता. नव्या वर्षापासून उंबरठा अख्ख्या घराचा नाही, दरडोई मोजायचा. मी जेवताना ते मोठ्याने वाचलं आणि म्हटलं, घ्या, आता ज्याने त्याने आपापला हात मोडायचा. बायकोने मला जेवणावरून उठवून हॉस्पिटलला फोन करायला लावला. फेब्रुवारीच्या आधी तारीख नव्हती. मग तुमच्या ऑपरेशनचा मला काही उपयोग नाही, असं ती म्हणाली. तिला नवा चष्मा करायचा होता, मला वाटलं, त्याचंच बोलतेय. म्हटलं, चष्मा काय, असाही घेऊन टाकू.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती एकटीच दवाखान्यात गेली. तपासण्यांचा निकाल ऐकायला मात्र दोघं गेलो. तिच्या छातीत गाठ होती. डॉक्टरीणबाई सावकाश, नीट समजावून बोलत होत्या. आजार यकृतापर्यंत गेलाय, औषधांनी लांबवता येईल, बरा होणार नाही. गाठ पहिल्यांदा कधी हाताला लागली, असं त्यांनी विचारलं.

"ह्यांच्या हर्नियाचं ठरलं, त्याच महिन्यात," बायको म्हणाली.

ह्यांचं झालं की उंबरठा पार होईल, मग दाखवू, असा तिने विचार केला होता. तो तिने न अडखळता सांगितला, आणि डॉक्टरीणबाईंनी काहीतरी लिहून घेतलं.

बाहेर आम्ही लिफ्टपाशी थांबलो. दार मिटताना खाली घासत होतं. खाचेत कचरा साठला असणार, साफ करायला पाच मिनिटंही लागली नसती. मी तेवढंच बघत राहिलो. दोन खेपा आम्ही तशाच जाऊ दिल्या. मग विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्याच दिवशी ऑपरेशनला गेला असता," ती म्हणाली. "आणि तुम्हाला भीती वाटते."

मला भीती वाटते, हे मी कधी कुणाला बोललो नव्हतो. ओव्हरटाइम आहे, एवढंच म्हणायचो.