पाहणीचं जेवण

सगुणाने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि मागल्या दारातून खळ्याकडे कान दिला. मामलेदार मानेसाहेब भाताच्या राशीत कोपरापर्यंत हात घालून उभे होते. शेजारी तिचा नवरा रावजी, डोक्यावरची टोपी हातात घेऊन. मागे साहेबांबरोबर आलेला तलाठी.

"रास तर चांगली दिसते," साहेब म्हणाले.

"वरून दिसते साहेब. दसऱ्यात आठवडाभर पाऊस लागला. भात आडवं झालं, पाण्यात पडून ऱ्हायलं. दाण्याला मोड आले."

"कुठे आहेत मोड?"

रावजीने राशीतले मूठभर दाणे उचलून पाहिले. मोड उन्हात सुकले होते आणि झोडताना गळून गेले होते. पाऊस दसऱ्याचा, पाहणी दिवाळीनंतरची. आभाळ आता इतकं स्वच्छ होतं की त्यातून पाऊस पडला हे कुणाला पटलं नसतं. साहेब साताऱ्याकडचे, ज्वारीच्या मुलखातले. भातातलं आपल्याला फारसं कळत नाही, हे ते सकाळी आल्या आल्याच मोकळेपणाने म्हणाले होते.

"निम्म्याहून जास्त पीक हाती आलेलं दिसलं तर मला शेतसाऱ्यात सूट देता येत नाही हो," ते म्हणाले. त्यांनाही ते बोलणं जड गेल्यासारखं दिसलं.

सूट नाही म्हणजे रावजीला पुन्हा मुंबईची बोट धरावी लागणार. गिरणीतून तो गेल्या शिमग्याला परतला होता, खोकत. आता कुठे त्याच्या गालांवर मांस दिसू लागलं होतं.

चुलीवर शेजारच्या राहीने दिलेल्या तांदळाचा भात शिजला होता. पाहुण्यापुढे मान खाली जायला नको म्हणून राहीने कणगीच्या तळाचा, गेल्या सालचा तांदूळ आपण होऊन आणून दिला होता. पांढरा, मोकळा, वास घरभर. सगुणाने ते तपेलं उतरवून कोपऱ्यात झाकून ठेवलं आणि घरचे तांदूळ धुवायला घेतले.

पडवीत साहेबांचं आणि तलाठ्याचं पान मांडलं. तिने वाढलेला भात काळपट होता, गिजगिजीत झाला होता आणि त्याला आंबूस वास येत होता. रावजीने बायकोकडे असं काही पाहिलं की एरवी ती घरात पळाली असती. ती खांबाला धरून उभी राहिली.

साहेबांनी घास घेतला. चावता चावता थांबले.

"हा भात…"

"खळ्यातलाच हाय साहेब. सकाळी कांडला," सगुणा म्हणाली.

"तुम्ही रोज हाच खाता?"

"आवंदा हाच. कुळथाची पिठी जरा जास्त वाढायची, म्हंजे जातो."

साहेबांनी पिठी वाढून घेतली. मग मान खाली घालून त्यांनी शीतसुद्धा न ठेवता पान संपवलं. तलाठी आपल्या पानातल्या भातावरून नुसती बोटं फिरवत होता. त्यानेही मुकाट्याने खायला सुरुवात केली.

सगुणाने साहेबांपुढे दुसरं पान मांडलं आणि राहीचा भात वाढला.

"आणि हा कुठला?"

"शेजारचा, गेल्या सालचा. मगासचा पाहणीचा होता. हा पाहुण्याचा."

साहेब हसू लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि रावजीने धावत तांब्या आणला. हात धुताना ते त्याला म्हणाले, "यंदाचा सारा राहू द्या. तुमच्या सगळ्या वाडीला तसं कळवा."

डोंगरापलीकडच्या केरूच्या वाडीची वाट दाखवायला रावजी त्यांच्याबरोबर गेला, तो दिवेलागणीला परतला. ओटीवर बसून एकटाच हसत होता.

"काय झालं?" सगुणाने विचारलं.

"आपल्या घरची बातमी आमच्या आधी पोचलेली. तिथं घरोघर पान मांडलेलं, पानावर काळा भात, आणि बाया उभ्या."

"मग साहेब?"

"दारोदार फिरून बघितलं. मग कोट काढून तलाठ्याच्या हातात दिला, केरूच्या पडवीत मांडी घातली, आणि म्हणाले, लोणचं असलं तर वाढा."