पडद्यामागचं पाणी

ठमी हाक मारली तरी वळत नव्हती, आणि त्याचं कारण घरात प्रत्येकाकडे तयार होतं. बाप म्हणायचा, लाडावलीय. आजी म्हणायची, हट्टी आहे. शाळेतल्या बाईंनी "लक्षच नसतं" म्हणून हात झटकले होते. आई बेकरीत कामाला होती. भट्टीसमोर उभं राहून दमलेली ती घरी आली की आधी ओरडायचीच, मग स्वतःच खजील व्हायची.

सर्दी हटेना म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा पडद्यामागे पाणी साचल्याचं कळलं. लहान मुलांना होतं असं, बहुतेक वेळा आपोआप ओसरतं, असं सांगून त्यांनी काही महिने वाट पाहिली. पाणी ओसरेना, तेव्हा पडद्यात बारीक नळ्या बसवल्या. आईला वाटलं, सुटलो एकदाचे!

सुटका कुठली? ट्रक गेला की ठमी खिडकीकडे धावायची, पण साखर मागितली तर चादर घेऊन यायची. आजी हसली. बाप वैतागला.

"नळ्या बसवल्या ना? मग आता काय राहिलं?"

"मला काय विचारता? माझ्या हातात आहे का ते?"

पुन्हा दवाखाना. या वेळी बाहेरचा आवाज न येणाऱ्या खोलीत तपासणी होती. आवाज आला की ठमीनं ठोकळा बादलीत टाकायचा. जाड आवाजांना ती पटापट टाकत गेली. मग स्पीकरमधून बारीक शिट्टी आली. मागे बसलेल्या आईला ती लख्ख ऐकू येत होती, आणि ठमी मात्र ठोकळा हातात धरून, मान ताठ करून वाट बघत होती. 'टाक ना गं!' आईच्या ओठांवर आलं. बोलायचं नाही, अशी ताकीद होती.

तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "दोन दोष होते. पाणी हा वाटेतला अडथळा, तो गेला. दुसरा आतल्या कानात आहे, जिथून आवाज नसेकडे जातो. पाण्यामुळे तो झाकला गेला होता. तो नळ्यांनी बरा होत नाही. श्रवणयंत्र लागेल."

"पण जन्मल्यावर तपासलं तेव्हा सगळं ठीक होतं!"

"काही मुलांचं ऐकणं नंतर कमी होतं."

"कशामुळे? पोटात असताना मला ताप आला होता, सासूबाई तेच उगाळतात. हे म्हणतात, पाळण्यातून पडली म्हणून."

"गरोदरपणातल्या काही संसर्गांनी होतं, मेंदूज्वरानं होतं, डोक्याला जबर मार लागून होतं, काही औषधांनीही. पुष्कळदा वारशानं येतं, घरात कुणाला कमी ऐकू येत नसलं तरी. रक्त तपासू. पण कारण सापडेलच असं नाही."

सापडेलच असं नाही! आईचं डोकं सणकलं. भांडायचं तरी कुणाशी?

यंत्रं बसवून घरी आल्यावर आईनं नेहमीच्याच पट्टीत जेवायला हाक मारली. ठमीनं कानांवर हात दाबले. "आई, केवढ्यानं ओरडतेस!" आणि दोन्ही यंत्रं काढून पलंगावर फेकली.

"बघ, तिलाच नको आहेत," आजी म्हणाली.

"सासूबाई, पुरे. तिला सवय होऊ दे. आणि माझ्या तापाचं नाव पुन्हा काढायचं नाही."

आजी तोंड फुगवून आत गेली. बापानं मात्र यंत्रं उचलली, फुंकर मारून पुसली आणि म्हणाला, "कशी घालायची, दाखव मला."

दुसऱ्या दिवशी आई शाळेत गेली. ठमीला पुढे बसवा आणि तिच्याकडे तोंड करून बोला, एवढंच तिनं सांगितलं.

"एवढी मुलं आहेत, एकीसाठी किती करायचं?" बाई म्हणाल्या.

शेवटच्या रांगेतला ठमीचा बाक आईनं दोन्ही हातांनी धरला आणि करकरत फळ्यापर्यंत ओढत नेला. अख्खा वर्ग कान झाकून ओरडला. यंत्रं लावलेली ठमीही.