बारावी सुई

मी एक म्हातारी गाढवी आहे. हसू नका, मित्रांनो! मी सात वर्षे कॉलेजात काढली आहेत. तेही जनावरांचे डॉक्टर घडवणाऱ्या कॉलेजात.

आधी मी विटा वाहायचे. पाय अधू झाला, तसे मालकाने मला इथे आणून सोडले. इथे ओझे नव्हते, चारा वेळेवर मिळे. काम एकच. लोखंडी चौकटीत उभे राहायचे आणि मुलांनी माझ्या मानेच्या शिरेतून रक्त काढायला शिकायचे. त्यांचे हात न्याहाळायला मला गंमत वाटे. कुणाचा घामेजलेला, कुणाचा धसमुसळा. पण सुई भलतीकडे शिरली की डोळ्यांपुढे काजवे चमकत.

एकदा अकरा जणांचे टोचून झाले. बारावी आली ती सारखे प्रश्न विचारणारी मुलगी. सगळे तिला 'शंका' म्हणत. तिने माझ्या सुजलेल्या मानेवरून बोट फिरवले आणि सुई खाली ठेवली.

"सर, मी हिला नाही टोचणार."

"मग शिकणार कशी? उद्या एखादं जनावर तडफडत असेल, तेव्हा काय करशील?"

"शिकायचंय, सर. पण पहिल्या चुका हिच्याच मानेवर कशाला?"

"नापास होशील."

"होऊ दे."

माझे कान टवकारलेले.

आठवड्याने तिने फोमची मान करून आणली. आत रबरी नळी, नळीत लाल पाणी. सरांनी सुई घातली, पाणी आले. "आता तू," ते म्हणाले. शंका सहा वेळा चुकली. मुले खो खो हसली. सर मात्र माझ्याकडे बघत राहिले.

"या सहाही सुया हिला लागल्या असत्या," ते हळूच म्हणाले.

तेव्हापासून आधी फोमवर हात बसवायचा आणि एका जनावराला दिवसात दोनच सुया, असा नियम झाला.

शंका शेवटच्या वर्षाला असताना माझे पोट फुगले. मी गडाबडा लोळू लागले. औषध थेट शिरेत द्यायचे होते. सर तिला म्हणाले, "तूच दे."

"जरा सोस गं, बाई माझी," ती पुटपुटली. एकाच टोचण्यात शीर सापडली. दुपारपर्यंत मी पायांवर उभी होते.

मित्रांनो, सुई शिकावीच लागते, हे मला त्या दिवशी उमगले. शिकणाऱ्यांवर माझा राग नाही. मागणे एवढेच, की आम्हाला बोलता येत नाही म्हणून आमचा होकार गृहीत धरू नका. मी मान फिरवली, तर क्षणभर हात थांबवा आणि का फिरवली, ते बघा.