कुठे बसून पाहिलं?

छापखान्यात सगळेच तिला वहिनी म्हणत, कारण फोरमन तिचा धाकटा दीर होता. नवरा गेला तेव्हा त्यानेच शब्द टाकून तिला पुस्तकं शिवायच्या मशीनवर लावून दिलं. ते उपकार तिने कधी बोलून दाखवले नाहीत आणि कधी विसरलीही नाही. सात वर्षांत दिराचा शब्द तिने खाली पडू दिला नव्हता.

तत्त्वज्ञानाचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं तेही त्या मशीनवरच. नवशिक्यांच्या एका वर्गासाठी पुस्तिका छापायला आली होती. शाई फासलेले, वाया गेलेले फर्मे, म्हणजे छापील तावांच्या घड्या, ती घरी घेऊन गेली आणि भाजी निवडता निवडता वाचू लागली. ‘आपल्याला एखादी गोष्ट माहीत असते, म्हणजे नेमकं काय असतं?’ असा पहिल्याच पानावर प्रश्न. उत्तरासाठी तिने पान उलटलं, तर तिथे आणखी दोन प्रश्न. तिला रागच आला. शेवटच्या पानावर पत्ता होता : वाचनालयाची वरची खोली, शनिवारी दुपारी. जाब विचारायला जावं तशी ती गेली आणि तिथलीच होऊन बसली. जाऊबाई हसल्या. म्हणाल्या, आता आमच्याशी बोलायच्या आधी तुम्ही प्रस्तावना लिहाल.

चौथ्या शनिवारच्या आधी, बुधवारी, कटिंग मशीनवर मास्तरांची दोन बोटं गेली.

मास्तर म्हणजे कागद कापणारा सगळ्यात जुना कारागीर. त्या मशीनच्या एका खांबाला एक डोळा असतो. त्यातून निघालेला किरण समोरच्या खांबावरून परत येतो; त्याच्या आड हात आला की पातं जागच्या जागी थांबतं. त्या दिवशी थांबलं नाही. डोळ्यावर चकचकीत टेपचा तुकडा चिकटवलेला होता, म्हणून किरण तिथूनच परतत राहिला आणि मशीनला वाट मोकळीच दिसत राहिली. टेप मास्तरांनी स्वतः लावली असेल, तर चूक त्यांची. दुसऱ्या कोणी लावली असेल, तर मशीन तपासून रोज सकाळी सही करणाऱ्या फोरमनची.

मंगळवारी अकरा वाजता चौकशी अधिकारी येणार होते. दिराने वहिनीचा जबाब आधीच टाइप करून आणला. ‘मास्तरांना टेप लावताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.’ त्यात तिला काही वावगं वाटलं नाही. तिला ते लख्ख आठवत होतं : मास्तरांचा हात, टेपचा तुकडा, तो अंगठ्याने दाबून बसवणं. तिने फक्त एवढंच म्हटलं, की सही साहेबांसमोरच करते.

शनिवारी वर्गातल्या बाईंनी सगळ्यांना एक काम दिलं. ज्यांच्याबद्दल तिळमात्र शंका नाही अशा तीन गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे मांडायचं : ती डोळ्यांनी पाहिली, डोक्याने ताडली, की दुसऱ्याच्या तोंडून ऐकली. बाई निवृत्त प्राध्यापक होत्या. आवाज हळू, पण नजर सुईसारखी. वहिनीने तिसरी गोष्ट टेपची लिहिली आणि पुढे लिहिलं, पाहिली.

बाई वाचत वाचत तिच्या बाकापाशी आल्या. त्यांना अपघातातलं काहीच ठाऊक नव्हतं. सगळ्यांना विचारत होत्या तेच त्यांनी हिलाही विचारलं.

“कुठे बसून पाहिलंत?”

“माझ्या मशीनवर बसून,” ती म्हणाली, आणि तिने वहीतल्या ‘पाहिली’ या शब्दाकडे पुन्हा पाहिलं.

रविवार तिने कसाबसा ढकलला. सोमवारी कामाच्या अर्धा तास आधीच ती छापखान्यात पोचली. हॉल रिकामा होता. आपल्या स्टुलावर बसून तिने रोजच्यासारखी मान वर केली. मास्तर उभे राहायचे ती जागा दिसली, उजवा खांब दिसला. डोळा होता डाव्या खांबावर, आणि मधे कोऱ्या कागदाची पुरुषभर उंचीची थप्पी. ती वाकली, सरकली, तिने मान वेळावून पाहिलं. डोळा काही दिसेना.

पण चित्र अजूनही जसंच्या तसं समोर होतं. तो अंगठासुद्धा. जे दिसणंच शक्य नव्हतं ते तिला आठवत होतं.

मग हळूहळू एकेक धागा सुटत गेला. मास्तरांच्या हातात टेपचं रीळ तिने पाहिलं होतं, ते खरं. पण ते सकाळी, दाराजवळ. ती उठून कटिंगच्या टेबलापाशी गेली. टेबलाची उचकटलेली कड त्याच टेपने चिकटवलेली होती. यावरून मास्तर निर्दोष ठरत नाहीत, हेही तिने स्वतःला बजावलं; एका रिळातून दोन तुकडे निघू शकतात. पण डोळ्यावर टेप त्यांनी लावली, हे शब्द पहिल्यांदा कानावर पडले ते छापखान्याच्या जिन्यात, रुग्णवाहिका गेल्यावर. दीर म्हणाला होता, मास्तरांनी सकाळीच डोळा बांधला, तुम्ही पाहिलीत ना टेप त्यांच्या हातात? ती हो म्हणाली होती. चित्र त्यानंतरचं होतं.

“आज लवकर आलात?”

दीर मागे उभा होता. केव्हापासून, कोण जाणे.

“भाऊजी, माझ्या जागेवरून तो डोळा दिसत नाही.”

तो थप्पीकडे बघत राहिला. “त्या दिवशी थप्पी कमी असेल.”

“असेल. मला आठवत नाही.”

“वहिनी, उद्या अकराला साहेब येतील. मला दोन मुलं आहेत. यापुढे मी काही बोलत नाही.”

त्याने आवाज चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो मऊच बोलला.

मंगळवारी ऑफिसात मालक एका बाजूला, दीर दाराशी. अधिकाऱ्यांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. तिने तो वाचला आणि न सही करता परत सरकवला. दाराकडे तिने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर धीर सुटला असता. दाराजवळ रीळ हातात पाहिलं, एवढंच आपण पाहिलं, टेप लावताना पाहिलेलं नाही, तिथून ते दिसतच नाही, असं तिने सांगितलं.

“मग टेप कोणी लावली?”

“मला माहीत नाही.”

“कोणी लावली असेल असं वाटतं?”

मालकांनी खुर्ची सावरली.

“माझ्या वाटण्यावर जाऊ नका, साहेब. गेला आठवडाभर मला वाटतच होतं.”

अधिकाऱ्यांनी उठून तिच्या स्टुलावर स्वतः बसून पाहिलं आणि फोरमनला उद्या पुन्हा बोलावलं.

संध्याकाळी दीर तिच्या घरी आला. नेहमीसारखा आत न येता उंबऱ्याशीच उभा राहिला. चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणाला, त्या दिवशी जाड पुठ्ठ्याचं काम होतं, पुठ्ठा किरणाच्या आड येऊन मशीन दर दोन मिनिटांनी अडत होतं, माल दुपारी जायचा होता.

“मी लावली. मास्तरांना सांगायचं राहून गेलं.”

खरं सांगायचं तर वहिनीला कालच तसं वाटलं होतं, आणि ते वाटणं तिने तेव्हापासून पाय देऊन दाबून ठेवलं होतं.

“आता तुम्हाला कळलं,” तो म्हणाला. “काय करणार?”

“मी काही करायच्या आधी तुम्ही सांगा. मी बरोबर येते.”

तो तसाच उंबऱ्यावरून परत गेला. पण सकाळी तो गल्लीच्या तोंडाशी उभा होता, दाढी केलेला, तोंड उतरलेलं. दोघं चालत गेली. साहेबांसमोर दिराने सगळं स्वतःच सांगितलं.

दिराची फोरमनकी गेली; नोकरी राहिली, ती रात्रपाळीच्या छपाईवर. मास्तरांवरचा ठपका पुसला गेला. हात बरा झाल्यावर ते कागद मोजायच्या टेबलावर बसू लागले. दीर त्यांच्या घरी जाऊन आला. तिथे काय बोलणं झालं ते वहिनीने विचारलं नाही. जाऊबाईंनी मात्र बोलणं टाकलं ते टाकलंच. दोघी एकाच चाळीत राहत; जिन्यात गाठ पडली की त्या भिंतीकडे तोंड करून उतरत, आणि वहिनी अंग चोरून त्यांना वाट देई.